फी माफ झाली, पण राहायचं कुठे?

बारावीचा निकाल लागला की खानदेशातल्या घरांत आजही एक वाक्य ऐकू येतं: "फी त भरसूत, पन पोऱ्या राही कोठे?" पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने आजवर ज्या सवलती आणि शिष्यवृत्त्या काढल्या, त्यांचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. सरकारला फीचा प्रश्न लवकर कळला. राहण्या-जेवणाचा कळायला बराच वेळ गेला.

१९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज आणि जळगावला मूळजी जेठा कॉलेज सुरू झालं. त्याआधी इथल्या मॅट्रिक झालेल्या मुलाला पुणं, मुंबई, बडोदा, फार तर नाशिक गाठावं लागे. फीइतकीच चिंता खाणावळीची असे. गावात ज्याचे नातेवाईक नाहीत त्याने माधुकरी मागायची, वार लावून जेवायचं, नाहीतर शिक्षण सोडायचं. त्यातही माधुकरी आणि वार ठरावीक जातींच्या मुलांनाच मिळत. बाकीच्यांना तीही सोय नव्हती.

म्हणून त्या काळातली गाजलेली मदत पाहिली तर ती निर्वाहाचीच होती. सयाजीराव गायकवाडांचा जन्म खानदेशाला लागून असलेल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा. त्यांच्या बडोदा संस्थानाने १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर, परत आल्यावर संस्थानाची नोकरी करण्याच्या करारासह. तेच बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ मध्ये ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. ज्या नंदुरबार जिल्ह्यात दहापैकी जवळपास सात माणसं अनुसूचित जमातींची आहेत, तिथल्या भिल्ल आणि पावरा घरांतली पहिली पदवी बहुतेक याच योजनेच्या आधाराने आली असणार.

या शिष्यवृत्तीचे दोन भाग आहेत: फीची भरपाई आणि निर्वाह भत्ता. फी वाढली तशी भरपाईही वाढली. भत्ता मात्र रांगत राहिला. २०१० च्या सुधारणेनंतरसुद्धा बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या वसतिगृहातल्या मुलाला महिना ५७० रुपये आणि घरून जाणाऱ्याला ३०० रुपये मिळत. एवढ्यात धुळ्याच्या मेसवाल्याने महिनाभर जेवू घातलं असतं असं कुणीही म्हणणार नाही.

दुसरा धागा जातीचा नव्हता, उत्पन्नाचा होता. १९५९-६० च्या सुमारास यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी देण्याचा निर्णय झाला. 'ईबीसी' (इकॉनॉमिकली बॅकवर्ड क्लास, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) हा शब्द तेव्हापासून घराघरांत रुळला, इतका की त्याचं पूर्ण रूप कुणी विचारत नाही. गावोगावी कॉलेजं निघत होती आणि फी मामुली होती. त्यामुळे ही सवलत खरोखर कामाची ठरली. पारोळ्याचा मुलगा एस.टी.च्या पासावर अमळनेरला जाऊन पदवीधर होऊ शकत होता. त्या पासावरची सवलत कोणत्याही शिष्यवृत्तीच्या यादीत नसते, पण विद्यार्थ्याला भाड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा भरावा लागतो. खानदेशात सर्वात नेमाने पोचलेली सरकारी मदत मी हीच मानतो.

गणित बिघडलं १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि फी हा शब्दच नव्या अर्थाने जड झाला. आधी 'माफ' होणारी फी आता सरकारने कॉलेजला 'भरून' द्यायची होती. अनुसूचित जाती-जमातींना पूर्ण, इतर मागासवर्गाला निम्मी, असे टप्पे पडले. ईबीसीची मर्यादा मात्र बरीच वर्षं तुटपुंजी राहिली. २०१६ मध्ये ती एक लाखावरून अडीच लाखांवर गेली, योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं, आणि पुढे मर्यादा आठ लाखांपर्यंत आली. निम्म्या शिक्षण शुल्काची ही सवलत आज खुल्या प्रवर्गातल्या शेतकरी कुटुंबांचा मोठा आधार आहे.

२०१६ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आली, आणि अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता. स्वयम् योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि लहान जिल्ह्याच्या गावी ४३,००० रुपये, तेही थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. सयाजीरावांना जे १९१३ मध्ये सुचलं होतं, तिथे सरकार शंभर वर्षांनी पोचलं.

पण पैसा हातात देणं आणि ताट वाढणं यांत फरक आहे. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थीच विरोधात उतरले आणि जुलैमध्ये पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: पैसे उशिरा आले तर आम्ही तोवर जेवायचं काय?

उशिराचा हा प्रश्न जुनाच. २०१७ पासून शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जांचं महाडीबीटी पोर्टल आलं आणि कॉलेजच्या बाबूच्या टेबलावरची फाइल मोबाइलवर आली. आता अडतं ते आधार-संलग्न खात्यावर, उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि 'व्हॅलिडिटी'वर, म्हणजे जात पडताळणीच्या प्रमाणपत्रावर. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या एका निकालानंतर जात पडताळणी समित्या कडक झाल्या आणि २००० च्या राज्याच्या कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. टोकरे कोळी या अनुसूचित जमातीचे असल्याचा दाखला घेऊन वर्षानुवर्षं समितीच्या पायऱ्या झिजवणारी कुटुंबं तापीकाठच्या कोणत्याही गावात भेटतात. त्यात उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा लागतो, आणि सेतू केंद्रावर रांग लागते ती नेमकी पेरणीच्या दिवसांत. कापसाचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, प्रवेशाचा हप्ता मात्र पावसाळ्यातच भरावा लागतो.

जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी ही सवलत निम्मी होती. चोपड्याच्या ओबीसी घरातली मुलगी त्यामुळे जळगावात इंजिनिअरिंगला जाऊ शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी ही विनातारण कर्जाची योजना मंजूर केली, पण मंजुरीच्या वेळी ती निवडक ८६० संस्थांपुरती होती.

शुल्कमाफीच्या आदेशात मेस नाही, खोली नाही, डिपॉझिटही नाही. सत्र सुरू होताना घरमालक डिपॉझिट आगाऊ मागतो, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता यायला बऱ्याचदा मार्च उजाडतो.