काट्यावर यायच्या आधी : कापूस, मका आणि भुसार मालाच्या भावाविषयी आमच्या ग्राहकांसाठी (हंगाम 2025-26)

रामराम मंडळी.

दसरा झाला की आमच्या कापूस-भुसार खरेदीच्या दुकानाच्या फोनवर एकच प्रश्न येतो. कुणी "काय भाव शे, भाऊ?" असं सरळ विचारतं, कुणी आधी पावसापाण्याचं बोलून मग तिथेच येतं. आम्ही एक आकडा सांगतो. दोन दिवसांनी गाडी येते, काट्यावर चढते, आणि पट्टीवर (हिशेबाच्या पावतीवर) तो आकडा नसतो. मग आबा चिडतात, आमचा मापाडी मान खाली घालतो, चहा थंड होतो. फोनवरचा भाव आणि पट्टीवरचा भाव यांत जी तफावत पडते ती कशाची, एवढंच या पत्रकात सांगितलं आहे. बहुतेक वेळा ती पाण्याची असते.

यंदाचा माल कसा आहे

सप्टेंबरच्या अतिवृष्टीने यंदा कापसाची खालची बोंडं काळी पडली, काही जागेवरच सडली. तापीकाठच्या ठिबकवरच्या, मे महिन्यात लावलेल्या कापसाला हा मार जास्त बसला, कारण पाऊस आला तेव्हा त्याची बोंडं फुटायला लागली होती. कोरडवाहूची बोंडं तेव्हा हिरवी होती, म्हणून तो माल थोडा वाचला. त्यामुळे यंदा पहिल्या वेचणीपेक्षा दुसऱ्या वेचणीचा कापूस चांगला निघेल असा आमचा अंदाज आहे. एरवी उलट असतं.

म्हणून पहिली विनंती : दोन वेचण्या एका ढिगात टाकू नका. पावसात भिजलेला, पिवळट पडलेला कवडी कापूस वेगळा बांधा. एका गाठोड्यातली पाच किलो कवडी वरच्या पंचवीस किलो पांढऱ्या मालाचा भाव पाडते. खरेदीदार हात घालतो तो नेमका तिथेच जातो. कसा जातो ते आम्हालाही आजवर कळलेलं नाही.

ओलीचा हिशेब

हा हिशेब सगळ्यांनी एकदा घरी करून बघावा. समजा तुमच्याकडे 100 किलो कापूस आहे आणि त्यात 16 टक्के ओल आहे. म्हणजे 84 किलो कोरडा माल आणि 16 किलो पाणी. हाच कापूस वाळवून 8 टक्क्यांवर आणला तर वजन साधारण 91 किलो भरतं. नऊ किलो घटले, म्हणून जीव तुटतो. पण पुढे बघा. ओल्या कापसाला खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो तिथे, क्विंटलला 6,200 मिळाले असं धरू, म्हणजे हातात 6,200. वाळलेल्याला 7,000 धरले, तर 91 किलोचे 6,370. आणि तोच 91 किलो माल 8 टक्के ओलीचा, लांब धाग्याचा ठरून सीसीआयला (हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला) 8,110 ने गेला तर 7,380. (6,200 आणि 7,000 हे आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, आजचे भाव नव्हेत. 8,110 मात्र खरा, तो 2025-26 चा हमीभाव.)

कापूस वाळवायला यंत्र लागत नाही. दव उडाल्याशिवाय वेचणी सुरू करू नका. मजूर सकाळी लवकर येतात आणि वेचणी किलोवर असते, त्यामुळे दवातला कापूस वेचला की मजुरीही पाण्याचीच द्यावी लागते. घरी आणल्यावर एक-दोन उन्हं द्या, पण ताडपत्रीवर नको, सुती चादरीवर किंवा साडीवर. प्लास्टिकच्या गोणीचा एक धागा रुईत (सरकी म्हणजे बी काढलेल्या कापसात) गेला तर तो सुतात, कापडात आणि रंगातही दिसतो. गिरणीवाला त्यासाठी गाठी परत पाठवतो आणि त्याचा राग फिरून तुमच्याच भावावर निघतो. गुटख्याच्या पुड्या आणि केस यांचंही तसंच.

मीटर नसला तर दोन जुन्या खुणा आहेत. मूठभर कापूस घट्ट दाबून सोडा; कोरडा असेल तर फुलून वर येतो, ओला असेल तर गोळा होऊन बसतो. दुसरी खूण दाताची. सरकी दाढेखाली धरा. टच्‌कन फुटली तर माल वाळला, नुसती चेपली तर अजून एक ऊन हवं. आमच्या काट्यावर मीटर लावताना ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून असे तीन ठिकाणचे आकडे घेतो आणि तुमच्यासमोर सरासरी काढतो. फक्त वरचं वाचन घेतलं तर तुमचा फायदा होईल आणि फक्त तळाचं घेतलं तर आमचा, म्हणून तीन.

आम्ही भाव कुठून आणतो

"तुम्ही व्यापारी बसून भाव ठरवता" हे आम्ही ऐकत आलो आहोत. थोडं खरं आहे, पण फार थोडं. कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारा जिनिंगवाला आम्हाला रुईच्या खंडीचा भाव सांगतो. ही खंडी 356 किलोची. समजा खंडी 53,000 रुपये, म्हणजे रुई किलोला साधारण 149. एक क्विंटल कापसातून 34 किलो रुई आणि 64 किलो सरकी निघाली, दोन किलो घट-कचरा गेला. रुईचे 5,066 झाले, सरकी 35 रुपयांनी धरली तर तिचे 2,240, एकूण 7,306. यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, गाडीभाडं, पैशाचं व्याज आणि आमची कमाई निघायची. उरेल तो तुमचा भाव.

आता उतारा (क्विंटलमागे निघणारी रुई) 34 ऐवजी 32 किलो बसला तर? रुईचे 4,768, सरकी 66 किलोची 2,310, एकूण 7,078. क्विंटलमागे 228 रुपये तिथेच गेले, आणि त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. बोंडअळीने पोखरलेल्या, अर्धवट फुटलेल्या बोंडांच्या कापसाचा उतारा असाच खाली येतो. फरदड धरून, म्हणजे वेचणी झाल्यावरही त्याच झाडांवर आणखी कापूस घ्यायला, फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेत उभं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आपण घरजावई करून ठेवतो, ते वेगळंच.

सरकीकडेही लक्ष ठेवा. ढेप आणि तेल चाललं की रुई मंद असतानाही कापसाला टेका मिळतो. दूधवाल्यांना ढेप महाग पडते तेव्हा कापूसवाल्याला थोडं बरं असतं, आणि आपल्याकडे तर दोघं बहुतेक एकाच घरात राहतात.

यंदा खासगी भाव हमीभावाच्या खाली का, तर मुख्य कारण आयात. परदेशी कापसावर फेब्रुवारी 2021 पासून 11 टक्के आयात शुल्क होतं. केंद्राने ते 19 ऑगस्ट 2025 पासून माफ केलं आणि नंतर मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत नेली. गिरण्यांना ब्राझील-अमेरिकेची स्वच्छ गाठ स्वस्तात मिळू लागली. त्यातच 27 ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावल्याने कपड्यांच्या निर्यातदारांचे हात आखडले. इकडे नवा माल येतोय, तिकडे गिरणीवाला सावकाश घेतोय. चौपदरीवरून गाड्या जातायत, पण माल उतरत नाही, अशी गत.

गणेश चतुर्थीच्या मुहूर्ताला हार-कुंकू करून जी खरेदी होते आणि जो भाव पेपरात छापून येतो, तो दोन-चार क्विंटलचा मानाचा भाव असतो. त्यावर लग्नाची तारीख धरू नका.

सीसीआयला द्यायचं का

आम्ही कापूस विकत घेणारे, तरीही स्पष्ट सांगतो : माल कोरडा आणि स्वच्छ असेल, आणि पैशाला आठ-पंधरा दिवस थांबता येत असेल, तर यंदा सीसीआयला द्या. मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 असा 2025-26 चा हमीभाव आहे. हा दर 8 टक्के ओलीचा. त्यावर 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे 12 टक्क्यांच्या मालाला 8,110 चे 7,786 होतात. 12 च्या वर गाडी परत. परत आलेली गाडी तिथल्या तिथे खासगीत खाली होते, आणि भाडं दोनदा भरलेल्या माणसाला भाव करता येत नाही. म्हणून निघण्याआधी आमच्याकडे ओल मोजून जा. माल आम्हाला दिला नाही तरी पैसे घेत नाही.

यंदा 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि दिवस ठरवणं सक्तीचं आहे. आधार, सातबारा आणि त्यावर कापसाची पीक नोंद लागते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तेव्हा बँकेतलं जोडकाम आधी तपासा. ज्यांच्या मुलांना फोन वापरता येतो त्यांनी ते एका संध्याकाळी उरकून टाकावं. नाही जमलं तर दुकानातला पोरगा करून देईल. शेत सामायिक असेल आणि पीकपाहणी भावाच्या नावावर लागली असेल, तर आधी घरात बसून ते मिटवा. ॲपला घरातली वाटणी कळत नाही.

मका

मक्याचा 2025-26 चा हमीभाव 2,400 आहे आणि बाजार त्याच्या बराच खाली आहे. मक्याला गिऱ्हाईक तीन : कोंबडीखाद्य, स्टार्च आणि इथेनॉल. नवापूरच्या पोल्ट्रीपासून स्टार्चच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना कोरडा, बुरशी नसलेला दाणा लागतो, आणि आपण मात्र दिवाळीच्या खर्चासाठी घाईने 22-24 टक्के ओलीचा मका आणतो. 22 टक्क्यांचा 100 किलो मका 14 टक्क्यांवर आणला की 90 किलो 700 ग्रॅम भरतो. ओल्याला 1,500 आणि वाळल्याला 1,800 धरले, तर 1,500 विरुद्ध 1,632. खळं पसरायला जागा आणि दोन माणसं घरची असतील तरच हे परवडतं. मजूर लावून वाळवायचं असेल तर फायदा तिथेच संपतो, तेव्हा सरळ विका. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की मका पिकला. त्यानंतर पाऊस नसेल तर कणीस ताटावरच आठ-दहा दिवस वाळू द्या, ते वाळवण फुकट आहे. हिरवट बुरशीची कणसं मळणीच्या आधीच बाजूला काढा. एकदा थ्रेशरमधून गेली की ती निवडायला देवही येत नाही.

ज्वारी, बाजरी, रब्बी

पावसात काळी पडलेली खरिपाची ज्वारी घरी ठेवून उपयोग नाही, लवकर काढा. संकरित ज्वारीला 3,699, बाजरीला 2,775 हा 2025-26 चा हमीभाव आहे. दादरसाठी (रब्बीच्या ज्वारीसाठी) यंदा ओल भरपूर आहे. पेरणाऱ्यांनी दाण्याबरोबर कडब्याचाही हिशेब धरावा. हरभऱ्याचा पुढचा, 2026-27 चा हमीभाव 5,875 आणि गव्हाचा 2,585 जाहीर झाला आहे.

साठवावं का

इथे आमचीच चूक सांगतो. 2021-22 मध्ये कापूस दहा हजारांवर गेला. पुढच्या हंगामात आम्हीच कितीतरी जणांना म्हणालो, थांबा, परत येईल. लोकांनी ओसरीत, माजघरात, पलंगाखाली कापूस भरला. 2023 चा उन्हाळा आला, पोरांच्या अंगाला खाज सुटली, आणि भाव वर जायच्या ऐवजी खाली आला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लोकांनी तोच कापूस आमच्याकडे आणला आणि कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून आम्ही "थांबा" सांगत नाही. देणं चुकतं करण्यापुरता माल आधी विका. उरलेला ठेवायचा असेल तर तो तुमचा निर्णय आणि तुमची जोखीम.

पट्टीविषयी

हमाली आणि तोलाई पट्टीवर वेगळ्या ओळीत लिहिलेली असते. ओलीची सरासरीही लिहिलेली असते. माल उतरल्यानंतर कुठलीही नवी कपात आम्ही काढत नाही. काही शंका असेल तर गाडी उतरण्याआधीच सांगू, तुम्हीही तेव्हाच सांगा. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते तुम्ही बघा, आम्हाला त्याचा राग येत नाही.

लक्ष्मीपूजनाला काटा बंद राहील. पाडव्याला सकाळी मुहूर्ताची खरेदी आहे, नारळ आणि पेढे आमच्याकडून. ओल मात्र त्या दिवशीही मोजली जाईल.