चिपसेट ड्रायव्हर: कधी टाकायचा आणि कधी हात लावायचा नाही

चिपसेट म्हणजे प्रोसेसरला डिस्क, यूएसबी अशा बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपा, आणि ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग कसा वापरायचा ते विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. इंटेलचा प्रोसेसर असलेल्या कॉम्प्युटरवर डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली सगळ्या भागांची यादी) उघडा. 'सिस्टिम डिव्हाइसेस'खाली चिपसेटची एखादी ओळ शोधा, तिच्यावर डबल क्लिक करा आणि 'ड्रायव्हर' टॅबवरची तारीख वाचा. बऱ्याच मशीनवर तिथे १८ जुलै १९६८ असं लिहिलेलं असतं. विंडोजची पहिली आवृत्ती आली १९८५ मध्ये. म्हणजे हा ड्रायव्हर विंडोजच्याही सतरा वर्षं आधीचा? सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांपासून नवी पेठेतल्या दुकानदारांपर्यंत ही तारीख पाहून घाबरलेली माणसं मला भेटत असतात. पुढचा प्रश्न ठरलेलाच: "काय ओ सर, अपडेट मारू का?"

ती तारीख मुद्दाम घातलेली आहे. १८ जुलै १९६८ हा इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस. एकाच भागासाठी दोन ड्रायव्हर उपलब्ध असले तर त्या भागाशी जास्त नेमका जुळणारा कोणता, हे विंडोज आधी पाहते; दोन्ही सारखेच जुळत असतील तर नव्या तारखेचा निवडते. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने खास त्या मॉडेलसाठी एखादा ड्रायव्हर दिलेला असेल, तर आपल्या सर्वसाधारण पॅकेजने त्याची जागा घेऊ नये अशी इंटेलची इच्छा. म्हणून त्यांनी आपल्या फाइलींवर इतकी जुनी तारीख टाकली की दुसरा कुठलाही ड्रायव्हर तिच्यापुढे नवाच ठरावा.

मुळात इंटेलच्या या पॅकेजमधला मोठा भाग ड्रायव्हरच नाही. त्यात 'आयएनएफ' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली असतात. मदरबोर्डवरच्या प्रत्येक चिपला कंपनीचा एक आणि उपकरणाचा एक असे दोन क्रमांक असतात. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे. १९७८ च्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा त्यांनी घेतला. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचा १०२२. आयएनएफ फाइल विंडोजला एवढंच सांगते की अमुक क्रमांकाच्या भागाचं नाव हे आणि त्याच्यासाठी विंडोजमधलाच तमुक ड्रायव्हर वापरायचा. घराच्या दारावर नावाची पाटी लावावी, तसं हे काम. पाटी बदलल्याने आतल्या माणसांचा वेग वाढत नाही. त्यामुळे इंटेलच्या चिपसेट पॅकेजची नवी आवृत्ती टाकून गेम जास्त फ्रेमने चालेल किंवा टॅलीचा रिपोर्ट लवकर निघेल, ही आशा ठेवू नये.

हे असं का झालं, ते चिपसेटच्या इतिहासात कळतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये कीबोर्डची दखल घ्यायला, वेळ मोजायला, मेमरीतून माहिती हलवायला वेगवेगळ्या सुट्या चिपा होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही सगळी कामं मोजक्या चिपांच्या संचात एकत्र आली, म्हणून तो 'सेट'. पुढे त्याचे दोन भाग स्थिरावले. प्रोसेसरजवळचा नॉर्थब्रिज मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड सांभाळायचा, तर साउथब्रिजकडे डिस्क, यूएसबी, आवाज अशी संथ कामं असायची. त्या काळी चिपसेटच्या ड्रायव्हरने खरोखरच फरक पडायचा. मग एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ बरोबर मेमरीचं नियंत्रण थेट प्रोसेसरमध्ये नेलं, इंटेलने २००८ मध्ये तेच केलं, आणि नॉर्थब्रिज प्रोसेसरच्या पोटात गेला. बोर्डावर आज जी एकच चिप 'चिपसेट' म्हणून उरली आहे, ती बहुतेक साउथब्रिजचाच संसार चालवते. तिच्या यूएसबी आणि साटा (डिस्क जोडायच्या) पोर्टांसाठीचे ड्रायव्हर विंडोज स्वतःच आणते. 'विंडोज टाकली की पहिल्यांदा चिपसेट' हा जुना नियम त्या आधीच्या काळातला आहे. तो अजून टिकून आहे याचं मला नवल वाटत नाही, कारण तेव्हा तो खरा होता.

एएमडीची गोष्ट मात्र वेगळी आहे. रायझन हे एएमडीचे प्रोसेसर; ते वापरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

एएमडीच्या चिपसेट पॅकेजमध्ये नावाच्या पाट्यांबरोबर खरं काम करणारे ड्रायव्हरही असतात. उदाहरण घ्या रायझन ९ ७९५०एक्स३डी या २०२३ च्या प्रोसेसरचं. त्यात आठ-आठ कोअरचे (प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांचे) दोन तुकडे आहेत, आणि जास्तीची ६४ एमबी कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असलेली वेगवान मेमरी) फक्त एका तुकड्यावर बसवलेली आहे. गेमला ती कॅश असलेले कोअर हवेत. बाकीच्या कामांना जास्त वेगाने धावणारे दुसरे कोअर बरे. हे विंडोजला आपोआप उमजत नाही. चिपसेट पॅकेजमधला एक छोटा ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार मिळून गेम ओळखतात आणि काम योग्य तुकड्यावर ढकलतात. ड्रायव्हर नसेल तर महागड्या प्रोसेसरची ती कॅश ऐन गेमच्या वेळी वापराविना पडून राहू शकते.

दुसरं उदाहरण २०२१ चं. ५ ऑक्टोबरला विंडोज ११ आली आणि रायझनवर दोन दोष उघड झाले. एकात तिसऱ्या पातळीच्या कॅशकडून माहिती यायला सुमारे तिप्पट वेळ लागत होता. दुसऱ्यात, प्रोसेसरमधला सर्वांत वेगवान कोअर ओळखून त्यालाच काम देण्याची सोय नीट चालत नव्हती. एएमडीनेच मान्य केलं की काही प्रोग्रॅम ३ ते ५ टक्के आणि काही गेम १० ते १५ टक्के मंद होऊ शकतात. पहिला दोष मायक्रोसॉफ्टने विंडोज अपडेटमधून दुरुस्त केला, दुसरा एएमडीने चिपसेट ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीतून, दोन्ही त्याच महिन्यात. ज्याने त्या वेळी चिपसेट ड्रायव्हरला हातच लावला नाही, त्याचं नुकसान झालं.

तिसरं कारण सुरक्षिततेचं. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये पासवर्ड, किल्ल्या अशा गोष्टी जपण्यासाठी एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. त्याच्याशी विंडोजला बोलता यावं म्हणून दिलेल्या ड्रायव्हरमध्येच भोक सापडल्याचं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालं. कसलेही विशेष अधिकार नसलेला साधा प्रोग्रॅम त्यातून मेमरीतल्या उरल्यासुरल्या माहितीचे तुकडे वाचू शकत होता. त्यावरचा उपायही नवा ड्रायव्हर हाच होता. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे अशी दुरुस्ती आळसाने मागे टाकणं मला अजिबात पटत नाही.

मग दर महिन्याला सगळं अपडेट करत राहावं का? नाही. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो. एखादा साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर बिघडला तर अख्खं मशीन निळ्या पडद्यावर येऊन थांबतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोसळले. तो चिपसेटचा ड्रायव्हर नव्हता, पण चालायचा त्याच गाभ्यात. तिथे काही बदलायचं असेल तर हातात कारण हवं.

माझ्या मते अशी कारणं थोडीच आहेत. विंडोज नव्याने टाकली असेल. प्रोसेसर किंवा बोर्ड बदलला असेल. आपल्याला भेडसावणारा दोष किंवा एखादं सुरक्षेचं भोक बुजवल्याचं नव्या आवृत्तीच्या टिपणात स्पष्ट लिहिलेलं असेल. किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसत असेल. या त्रिकोणांची भाषा एकदा कळली की फार उपयोगी पडते. 'एसएम बस कंट्रोलर'पुढे त्रिकोण असेल तर चिपसेटच्या आयएनएफ फाइली टाकलेल्या नाहीत. इंटेलच्या मशीनवर 'पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' दिसत असेल तर मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटमधल्या एका छोट्या नियंत्रकाचा) ड्रायव्हर राहिलाय. एएमडीवर 'पीसीआय एन्क्रिप्शन/डिक्रिप्शन कंट्रोलर' दिसत असेल तर मघाशी सांगितलेल्या सुरक्षा-प्रोसेसरचा ड्रायव्हर नाही. तिन्हीवर इलाज एकच: बोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घेणं.

मॉडेल शोधायला कॅबिनेट उघडायची गरज नाही. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर बोर्डाचं नाव असतं. डेस्कटॉप असेल तर इंटेल किंवा एएमडीच्या साइटवरचा ड्रायव्हरही चालतो. लॅपटॉपला मात्र लॅपटॉपच्या कंपनीचाच घ्यावा, कारण टचपॅड, तापमान, बॅटरी यांची सांगड त्या मॉडेलपुरती घातलेली असते. टाकण्याआधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून विंडोजच्या आत्ताच्या स्थितीची नोंद) करून ठेवा. काही बिनसलंच तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'रोल बॅक ड्रायव्हर'ने जुना परत येतो. विंडोजला मिळालेले ड्रायव्हर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि मग ऑप्शनल अपडेट्स इथे दिसतात. 'ऑप्शनल' म्हटलंय ते विचार करूनच. लाल अक्षरांत इशारे देऊन 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' असं आमिष दाखवणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांपासून तर लांबच राहा. ते चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकतात आणि सोबत नको त्या गोष्टीही आणतात.

एक अडचण हल्ली कॉलेजच्या मुलांकडून वारंवार ऐकू येते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपवर विंडोज टाकायला बसलं की एसएसडीच दिसत नाही. एसएसडी मेली म्हणून मुलं रडकुंडीला येतात. ती ठणठणीत असते. या लॅपटॉपमध्ये एसएसडी 'व्हीएमडी' नावाच्या नियंत्रकामागे ठेवलेली असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. तो आधीच दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर'वर क्लिक करून दाखवायचा; एसएसडी लगेच यादीत येते. फॉरमॅट मारण्याआधी वायफायचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हमध्ये टाकून ठेवा.

आता सोलापूरची खास बाब. इथे मंद झालेल्या कॉम्प्युटरचा दोष ड्रायव्हरच्या माथी मारण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडून पाहावं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. पूर्व भागात यंत्रमागाजवळच्या घरांत आणि कारखान्यांत सुताची तूस हवेत तरंगत असते. ती पंख्यातून आत जाते आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखी घट्ट बसते. हवा आरपार जाणं बंद झालं की प्रोसेसर तापतो आणि १०० अंशांच्या आसपास पोहोचला की जीव वाचवायला स्वतःच आपला वेग उतरवतो. बाहेरून दिसतं ते एवढंच की मशीन दुपारी मंद आणि सकाळी बरं चालतंय. जगातला कुठलाही ड्रायव्हर ती तूस काढू शकत नाही. ब्रश आणि ब्लोअर काढतात, आणि जुन्या मशीनला नवी थर्मल पेस्टही (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला लेप) लागते.

ड्रायव्हर आणि बायोस यांतही गल्लत होते. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेला, विंडोजच्याही आधी सुरू होणारा प्रोग्रॅम. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून ते बिघडत होते. त्यावरची ऑगस्ट २०२४ ची दुरुस्ती बायोसमधून आली, चिपसेट ड्रायव्हरमधून नाही. तुमच्याकडे त्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर बायोस तपासाच. फक्त ते काम यूपीएस चांगला असताना करा. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची वेळ येते आणि आपल्याकडे वीज जायला पावसाची एक सरही पुरते. काही दोष तर दोन्हींनी दुरुस्त होत नाहीत. जानेवारी २०११ मध्ये इंटेलच्या ६ सीरिज चिपसेटच्या काही साटा पोर्टांत जडणघडणीचाच दोष निघाला; तो सॉफ्टवेअरने सुटणारा नव्हता, म्हणून कंपनीला नव्या चिपा बनवून बोर्ड बदलून द्यावे लागले.

राहिले जुने कॉम्प्युटर. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या मशीनसाठी आता नवे चिपसेट ड्रायव्हर येत नाहीत आणि ते शोधत बसण्यात अर्थही नाही. पिवळा त्रिकोण नसेल तर आहे ते पुरेसं आहे. अशा मशीनची खरी काळजी वेगळी: विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकली तर चिपसेटचा प्रश्नच उरत नाही, कारण ते ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात.

आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले, एखाद्या जुन्या कार्डावरून यंत्राला जोडलेले कॉम्प्युटर? त्यांना कृपया कोणीही ड्रायव्हर अपडेट मारू नये. ते कार्ड, तो जुना प्रोग्रॅम आणि ती विंडोज यांची जुळणी एकदा मोडली की ती परत लावणारा माणूस शोधेपर्यंत माग बंद राहतो. असं मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवा, बोर्डावरचा बटणासारखा सेल संपायच्या आत बदला आणि डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. ती प्रत कपाटात ठेवण्याआधी एकदा तिच्यावरूनच मशीन सुरू करून, माग चालवून पाहा.