'जास्त' म्हणजे किती? मुलांच्या लठ्ठपणाविरुद्धच्या उपायांची पार्श्वभूमी

बाळ गुटगुटीत दिसलं की दृष्ट काढायची, ही आपली रीत. पोषणाची सरकारी धोरणंही बरीच वर्षं कुपोषणाभोवतीच फिरली, आणि त्याला सबळ कारण होतं. १९९५ साली आलेल्या शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेपुढे प्रश्न उपाशी पोटांचा होता. कुपोषण अजूनही संपलेलं नाही. पण पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत २.१ टक्के होतं, ते २०१९-२१मध्ये ३.४ टक्क्यांवर गेलं.

पहिला उपाय शाळेच्या कॅन्टीनमध्ये शोधला गेला. महाराष्ट्रात मे २०१७च्या शासन निर्णयाने चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक, अगदी पाणीपुरी आणि गुलाबजामही बाद केले. पोळी, डाळ-भात, इडली, खीर, नारळपाणी चालणार होतं. ही यादी कुणालाही कळण्यासारखी होती. पण बाजारात सतत नवे पुडे येतात, यादी किती लांबवणार? म्हणून व्याख्या आली, आणि गुंता तिथेच सुरू झाला.

२०२०च्या केंद्रीय नियमांनी शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत 'संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले' पदार्थ विकायला बंदी घातली. जास्त म्हणजे १०० ग्रॅममागे किती, हा आकडा मात्र नियमांत नव्हता. आकडा नसेल तर मुख्याध्यापकांनी कोणता पुडा अडवायचा? मला ही त्या नियमांतली सर्वांत मोठी उणीव वाटते. ५० मीटरची चर्चा झाली तेवढी तिची झाली नाही.

खरं तर त्याआधी, २०१८च्या लेबलांच्या मसुद्यात, मर्यादा ओलांडणाऱ्या पदार्थांच्या पुड्यावर लाल खूण सुचवली होती. उद्योगांनी हरकती घेतल्या, मसुदा पुन्हा समितीकडे गेला. सप्टेंबर २०२२मध्ये जो नवा मसुदा आला त्यात लाल खूण नव्हती, तारे होते: अर्ध्यापासून पाचपर्यंत. साखर-मिठाचे गुण वजा करायचे, तर प्रथिनं, तंतू, फळं, सुकामेवा यांचे जमेला धरायचे. म्हणजे गोड बिस्किटात थोडे ओट्स घातले की वजाबाकी हलकी होते. आठ वर्षांच्या मुलाला तारा म्हणजे वहीवर बाईंनी दिलेली शाबासकी. दोन ताऱ्यांतून त्याला धोका कसा कळावा? चिलीने २०१६पासून पुड्याच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोन छापून 'साखर जास्त' असं सरळ लिहिलं. आपल्याकडेही पालक आणि बालरोगतज्ज्ञ अशाच इशाऱ्याची मागणी करत आले आहेत.

एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी लेबलांचा निर्णय लावायला तीन महिने दिले. पुढच्याच महिन्यात एका केंद्रीय शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. परिपत्रकानुसार चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात. शिफारस ५ टक्क्यांची आहे. कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३२ ग्रॅम साखर, म्हणजे आठ चमचे. फलकावर हे चमचे चित्रातच दाखवता येतात. बाटलीवर तोच आकडा मागच्या बाजूच्या बारीक तक्त्यात असतो, आणि तोही बहुधा १०० मिलीचा.