पहारेकऱ्याची जबाबदारी (यहेज्केल ३ आणि ३३)

पहारेकऱ्याची जबाबदारी म्हणजे समोर येणारं संकट दिसलं की लोकांना वेळेत सावध करायचं संदेष्ट्याचं काम. बायबलच्या जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात हे दोनदा येतं, ३ऱ्या अध्यायात आणि परत ३३व्यात. देव त्याला म्हणतो की मी तुला इस्राएल घराण्यावर पहारेकरी नेमलंय, माझ्या तोंडचं ऐकायचं आणि माझ्या वतीने त्यांना सांगायचं. मूळ हिब्रू शब्द त्सोफे, म्हणजे उंचावर उभा राहून लांबवर नजर ठेवणारा. आपल्याकडे वॉचमन म्हटलं की सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून रजिस्टरमध्ये सही घेणारे काका आठवतात, ते नाही. त्यापेक्षा जुन्या गावगाड्यातला जागल्या जास्त जवळचा, कारण गावात चोरी झाली की चोराचा माग काढत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचं काम त्याच्यावर असायचं आणि ते नाही जमलं तर नुकसान त्याच्या अंगावर यायचं. यहेज्केलचंही तसंच, फक्त इथे हिशोब मालाचा नाही, रक्ताचा.

यहेज्केल याजकाच्या घरातला, बूजीचा मुलगा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून राजा यहोयाखीनला आणि बऱ्याच लोकांना धरून नेलं त्यात हा पण गेला, आणि बंदिवासाच्या पाचव्या वर्षी खबार नदीच्या काठी (खरं तर तो बाबेलमधला कालवा) त्याला देवाचं पाचारण झालं. त्यानंतर तो तेल-अबीब नावाच्या बंदिवानांच्या वस्तीत आपल्या लोकांत जाऊन सात दिवस सुन्न बसून राहिला, एक शब्द नाही, आणि सात दिवसांनी पहिली गोष्ट सांगितली गेली ती ही पहाऱ्याची.

३ऱ्या अध्यायात चार केसेस आहेत. दुष्टाला सांगितलं नाही तर तो त्याच्या पापात मरेल पण त्याच्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याला, सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही तर पहारेकरी सुटला. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढच्या दोन केसेस मात्र नीतिमान माणसाच्या आहेत, चांगला चाललेला माणूस घसरायला लागला तर त्यालाही सांगायचंच. हे लोक सोईस्करपणे विसरतात. सावध करायचं म्हटलं की बोट कायम बाहेरच्याकडे जातं, चर्चमधल्या पहिल्या बाकावर बसणाऱ्याकडे कोणी करत नाही.

३३व्या अध्यायात चित्र जास्त स्पष्ट होतं. देशावर तलवार येतेय, पहारेकरी ती बघतो, कर्णा वाजवतो. ज्याने आवाज ऐकून दुर्लक्ष केलं त्याचं रक्त त्याच्याच माथी, पण तलवार दिसूनही कर्णा वाजवला नाही तर सगळा जाब पहारेकऱ्याला. नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की गोदाकाठच्या लोकांना इशारा जातो, आणि सगळे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. कोणी पहिल्या सूचनेलाच दुकानातला माल वर चढवतो, शेजारचा म्हणतो अजून कमरेलाच आहे की, चहा घेऊ मग बघू. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती पूर्ण बुडाला होता. सूचना देऊन झाल्यावर कोणी माल हलवला नाही तर तो सूचना देणाऱ्याचा दोष नाही, पण धरणावर ज्याला पाणी दिसतंय तोच झोपला तर? ३३वा अध्याय तेवढंच विचारतो.

अजून एक, इशारा आणि धमकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रस्त्यावरच्या कर्कश उपदेशात हा फरक बऱ्याचदा हरवतो. ३३:११ मध्ये देव सरळ म्हणतो की दुष्टाच्या मरणात मला आनंद नाही, त्याने वळावं आणि जगावं. १८व्या अध्यायात हेच आधी येऊन गेलंय, तिथे लोकांची एक म्हण आहे, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, आणि देव म्हणतो ही म्हण बंद करा, ज्याचं त्याच्याकडे. (आंबट द्राक्ष काय असतं ते निफाड, दिंडोरीकडच्यांना विचारावं.) म्हणजे वळायला जागा आहे म्हणून इशारा आहे, पळायला वाटच नसेल तर कर्णा वाजवून उपयोग काय. अशीच आसऱ्याची एक जागा म्हणजे नाशिकचं शरणपूर, ते १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं पण तिथे राहून शिकली, आणि नावातच शरण आहे.

ख्रिस्ती लोकांसाठी याचा अर्थ नव्या करारातून येतो. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना (म्हणजे पुढाऱ्यांना) मिलेताला बोलावून सांगतो की मी कोणाच्याही रक्ताविषयी दोषी नाही, कारण देवाचा सगळा मनोदय तुम्हाला सांगायला मी कसूर केली नाही, ही सरळ यहेज्केलची भाषा. पण सांगायची पद्धत मत्तय १८ मध्ये आहे, भाऊ चुकला तर आधी दोघंच असताना सांग, मग एकदोघांना घेऊन जा, मंडळीपुढे अगदी शेवटी. कॅथलिक चर्चमध्ये सामान्य काळाच्या २३व्या रविवारी (वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या अ वर्षात) यहेज्केल ३३ आणि मत्तय १८ मधले हे उतारे एकत्रच वाचतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव घेऊन झापणं या क्रमात कुठेच बसत नाही. गलतीकरांस ६:१ तर म्हणतं सौम्यतेने सांग आणि स्वतःकडेही बघ. पोप ग्रेगरी पहिला याने सहाव्या शतकाच्या शेवटी यहेज्केलवर प्रवचनं दिली, त्यात तो या पहारेकऱ्यावर बोलताना म्हणतो की हे सांगताना मी स्वतःवरच आरोप करतोय, माझं जगणं काही तेवढ्या उंचीवर नाही.

प्रत्येक विश्वासणाऱ्याला हीच आज्ञा लागू होते का यावर मतं वेगळी आहेत. काही इव्हँजेलिकल (सुवार्ता सांगण्यावर भर देणाऱ्या) मंडळ्या तसंच मानतात, मग शेजाऱ्याला सुवार्ता नाही सांगितली तर त्याचं रक्त माझ्यावर या भीतीने तरुण पोरं रात्र रात्र झोपत नाहीत. मजकूर बघितला तर नेमणूक एका संदेष्ट्याची आहे आणि तीही स्वतःच्याच लोकांवर, तेल-अबीबच्या बंदिवानांवर. परक्या भाषेच्या लोकांकडे त्याला पाठवलेलंच नाही, ३:५ मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणून मला तरी हे आधी पाळक, वडील, शिक्षक, आईबाप यांच्यासाठी वाटतं, मग बाकीच्यांसाठी.

३३व्याच अध्यायात पुढे यरुशलेम पडल्याची बातमी घेऊन एक पळून आलेला माणूस पोचतो आणि यहेज्केलचं देवाने बंद केलेलं तोंड उघडतं. आता तरी लोक ऐकतील असं वाटतं. पण शेवटच्या ओळींत लोक भिंतींपाशी, दारात उभं राहून त्याच्याबद्दल गप्पा मारतायत, चला ऐकू या परमेश्वराकडून काय आलंय, येऊन समोर बसतात, आणि तो त्यांना गोड गळ्याच्या, वाद्य छान वाजवणाऱ्या गवयासारखा वाटतो, करत काहीच नाहीत. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन आज उपदेश एकदम मस्त झाला म्हणणारे आपण, तिथेच उभे असतो.