टोल वेगळा, गर्दी शुल्क वेगळं

पुण्याहून सोलापूरला येताना वरवडे आणि सावळेश्वरचे टोलनाके, तुळजापूरकडून येताना तामलवाडीचा. फास्टॅगमधून पैसे कटल्याचा मेसेज येतो, गाडी पुढे निघते. नाक्याची इतकी सवय असल्यामुळे शहरात गर्दी शुल्क, म्हणजे गर्दीच्या वेळी गजबजलेल्या भागात गाडी आणण्याचे पैसे, लावण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे आता सोलापूरच्या भर बाजारात, नवी पेठेतही टोलनाका? पैसे दोन्हीकडे गाडीवाल्याच्याच खिशातून जातात, एवढंच काय ते साम्य.

टोल असतो रस्त्याचा खर्च वसूल करायला. गाड्या वाढल्या की वसुली वाढते, घटल्या की नाकेवाल्याचं गणित बिघडतं. गर्दी शुल्काचं नेमकं उलटं. गाड्या घटल्या नाहीत तर ते फसलं, मग तिजोरीत कितीही पैसा येवो. दरांतही हाच फरक दिसतो. टोल रात्री दोनला जितका, तितकाच सकाळी दहाला. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांत परत आलात तर जाऊन-येऊन दीडपटच भरायचा आणि नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहत असाल तर महिन्याचा पास मिळतो. म्हणजे जो जास्त फिरेल त्याला सवलत! स्टॉकहोममध्ये २००६ साली गर्दी शुल्क सुरू झालं तेव्हा दर वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर होता. रात्री आणि शनिवार-रविवारी शून्य. तिथे किंमत रस्त्याला नव्हती, त्या वेळेला होती.

मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांचं उदाहरण इथे हटकून दिलं जातं: इतकी वर्षं टोल भरला, गर्दी कुठे हटली? पण तो टोल उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता आणि दिवसभर एकच दर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तो माफ झाला. गर्दी हटवण्याचं काम त्याला कधी दिलेलंच नव्हतं.

थोड्या गाड्या कमी झाल्याने असा काय फरक पडतो, हे सोलापुरातल्या सात रस्त्यासारख्या चौकात उभं राहून मोजता येतं. समजा, एका बाजूचा सिग्नल दर दोन मिनिटांनी सुटतो आणि एका वेळी ३० गाड्या पार होतात. येतात मात्र ३३. दर वेळी तीन मागे उरतात. चाळीस मिनिटांत सिग्नल वीसदा सुटतो आणि मागे ६० गाड्यांची रांग लागते. आता नव्याने येणाऱ्याला आणखी दोन सिग्नल, म्हणजे चार मिनिटं जास्त थांबावं लागतं. दर वेळी त्या ३३ पैकी तिघेच ही गर्दीची वेळ टाळून निघाले असते तर रांग वाढलीच नसती. गर्दी शुल्काला सगळ्यांना घरी बसवायचं नसतं. दहातल्या एकाने वेळ, वाट किंवा वाहन बदललं तरी पुष्कळ झालं.

तसं झाल्याची उदाहरणं आहेत. स्टॉकहोममध्ये आधी सात महिने प्रयोग झाला आणि शहराच्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोग थांबताच बरीचशी परत आली. ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचं झालं. चुकाही शिकण्यासारख्या आहेत. सिंगापूरने १९७५ साली सकाळी साडेसात ते साडेनऊ शुल्क लावलं. लोक साडेनऊ वाजण्याची वाट बघून एकदम आत घुसू लागले. वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. लंडनने २००३ पासून दिवसाला एकच रक्कम घेतली. एकदा भरली की दिवसभर आत कितीही फिरा. त्यात ॲपवरून बोलावलेल्या भाड्याच्या गाड्यांना २०१९ पर्यंत सूट होती. सुरुवातीला घटलेली कोंडी पुढे परतली, त्यात रस्त्यांच्या खोदकामांबरोबर या गाड्यांचाही वाटा होता.

आता सोलापूर. इथे रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षा जास्त. दुचाकीला फास्टॅग नसतो, म्हणजे नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे हवेत. त्यांच्यापुढे ‘एम.एच. १३’च्या शेजारी आकड्यांतून ‘दादा’ कोरलेली प्लेट आली की संपलं. दुचाकी वगळली तर शुल्क भरणारे मोजकेच उरतात; कारवाला स्कूटर काढेल, एवढाच फरक. शेअर रिक्षावाला दिवसाची रक्कम दहा सीटांत वाटून टाकेल आणि चौकाच्या तोंडाशी थांबून सीट भरणं चालूच ठेवेल. त्याला पैशाने नव्हे, थांब्याची जागा आखून हलवावं लागतं. विजापूरकडून पुण्याकडे निघालेल्या ट्रकवर शुल्क लावण्यापेक्षा त्याला शहराबाहेरून वळवायला हवं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी तर वेगळीच. तिथे वाहतूक वळवणं हाच उपाय. आणि गाडी घरी ठेवणाऱ्याला वेळेवर सिटी बस मिळणार नसेल, तर शुल्क म्हणजे नुसता दंड.

मग पैशाचा उपाय इथे लागूच नाही का? लागू आहे, पण चालत्या गाडीला लावण्याआधी उभ्या गाडीला लावावा. नवी पेठेत रस्ता अडतो तो दोन्ही कडांना लागलेल्या गाड्यांनी आणि जागा शोधत हळूहळू फिरणाऱ्यांनी. तिथे पार्किंगचा पहिला तास स्वस्त, दुसरा दुप्पट, तिसरा त्याहून महाग असा दर हवा. दिवसभराचा पास अजिबात नको, नाहीतर लंडनचीच चूक पुन्हा होईल. हा दर बसला की आधी ओरड होईल ती दुकानदारांची, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. गिऱ्हाईक पाऊण तासात साडी घेऊन निघून जातं. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत दुकानासमोर हललेली नसते ती मालकाची आणि नोकरांची दुचाकी.