गृहसंगणकावरील टेप बॅकअप

हार्ड डिस्कवरील फाइलींची प्रत चुंबकीय फितीवर उतरवून ठेवण्याची आणि डिस्क बिघडल्यास त्या फितीवरून फाइली परत मिळवण्याची पद्धत. घरगुती संगणकांवर ती सर्वसाधारणपणे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजली. पुढचे दशक संपता संपता सीडी रायटर आणि स्वस्त झालेल्या हार्ड डिस्क यांच्यापुढे ती मागे पडली.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो साध्या ऑडिओ कॅसेटपासून धरतात. नोव्हेंबर १९७५ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे भरलेल्या बैठकीतून कॅसेटवर डेटा नोंदवण्याचा एक संकेत पुढे आला. त्यात शून्यासाठी १२०० हर्ट्‌झचा आणि एकसाठी २४०० हर्ट्‌झचा स्वर वापरत, आणि वेग सेकंदाला ३०० बिट होता. कमोडोर आणि झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) हे घरगुती संगणकही कॅसेटवरच चालत, फक्त त्यांचे संकेत वेगळे होते. मात्र तेथे कॅसेट हीच मूळ साठवण होती. ज्याचे मूळच फितीवर आहे त्याला बॅकअप म्हणणे ओढूनताणून होते. स्पेक्ट्रमच्या मायक्रोड्राइव्हमध्ये (१९८३) फितीचे अखंड वेटोळे असे. तेही डिस्कची जागा घेण्यासाठी होते, डिस्कची प्रत ठेवण्यासाठी नव्हे. म्हणून ३एम कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या पाव इंची कार्ट्रिजपासून, म्हणजे क्यूआयसी या कुळापासून, आरंभ धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात ते पहिले कार्ट्रिज घरासाठी बनवलेले नव्हते. घरात पोहोचली ती त्याची तळहातावर मावणारी लहान आवृत्ती, आणि तिच्यावर लिहिण्याचे क्यूआयसी-४० व क्यूआयसी-८० हे दोन आराखडे.

रचना : या कार्ट्रिजचे वेगळेपण त्यातील ताणपट्ट्यात आहे. ड्राइव्हची, म्हणजे फीत चालवणाऱ्या यंत्राची, मोटर फितीला थेट ओढत नाही. ती एक लहान चाक फिरवते, त्या चाकावरून एक लवचिक पट्टा जातो आणि तो दोन्ही रिळांवरील फितीला बाहेरून घासत त्यांना फिरवतो. फितीची टोके रिळांना चिकटवलेली नसतात, केवळ गुंडाळलेली असतात. टोक जवळ आल्याची खूण म्हणून फितीला बारीक छिद्रे पाडलेली असतात आणि ड्राइव्ह ती प्रकाशाच्या साहाय्याने ओळखतो. त्या प्रकाशाच्या वाटेवर धूळ बसली की छिद्र दिसत नाही, मोटर थांबत नाही आणि फीत रिळावरून पूर्ण सुटून येते.

लेखन नागमोडी होते. शेतात तास घालताना बैल बांधाशी वळावेत तसा ड्राइव्ह टोकाशी दिशा पालटतो, हेड (फितीवर लिहिणारा-वाचणारा भाग) किंचित सरकते आणि पुढचा ट्रॅक, म्हणजे नोंदीची पुढची रांग, उलट दिशेने सुरू होतो. क्यूआयसी-४० मध्ये असे २० ट्रॅक असत, क्यूआयसी-८० मध्ये २८. प्रत्येक ट्रॅकचे खंड पाडलेले असत. एका खंडात एकेक किलोबाइटचे ३२ सेक्टर, त्यांपैकी २९ डेटाचे आणि ३ रीड-सॉलोमन पद्धतीच्या दुरुस्ती-संकेताचे. फितीचा एखादा ठिपका खराब झाला तरी फाइल वाचते, ती या तीन सेक्टरांमुळे. ३०७.५ फुटी फितीच्या प्रत्येक ट्रॅकवर १५० खंड बसत. २८ ट्रॅकांचा हिशेब केला तर सुमारे १२० मेगाबाइट होतात. खोक्यावर मात्र २५० हा आकडा छापलेला असे. तो डेटा दाबून निम्मा होईल या गृहीतकावरचा होता. आधीच झिप केलेल्या फाइली किंवा चित्रे असतील तर तेवढी जागा मिळत नसे.

जोडणी : ड्राइव्ह स्वस्त ठेवण्यासाठी तो फ्लॉपीच्याच कंट्रोलरला, म्हणजे संगणकात आधीच असलेल्या फ्लॉपी चालवणाऱ्या मंडलाला, जोडण्याची युक्ती काढली गेली. ही या इतिहासातील सर्वांत कल्पक गोष्ट. फ्लॉपी कंट्रोलरला टेप ठाऊकच नाही. त्याला हेड एक पाऊल सरकवण्याचा स्पंद तेवढा पाठवता येतो. मग आज्ञा स्पंदांच्या संख्येतून द्यायच्या, असा क्यूआयसी-११७ या मानकाचा मार्ग होता. एक स्पंद म्हणजे रीसेट, सहा म्हणजे स्थिती कळव. उत्तर एकेक बिट करून, हेड शून्याव्या ट्रॅकवर असल्याचे सांगणाऱ्या तारेवरून येई. या काटकसरीची किंमतही होती. टेप चालू असताना फ्लॉपी वापरता येत नसे. संगणक डेटा पुरवण्यात कमी पडला की फीत थांबून, मागे जाऊन पुन्हा पुढे येई. त्यात वेळ जाई आणि फीतही झिजे. कोरी फीत फ्लॉपीप्रमाणेच आधी फॉरमॅट करावी लागे, आणि त्याला तासाहून अधिक वेळ लागे.

१९९५ मध्ये आलेल्या ट्रॅव्हन प्रकाराने फीत रुंद व लांब करून क्षमता ४०० मेगाबाइटपासून पुढे नेली. डीडीएस (डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या फितीवर आधारलेला) वगैरे प्रकार मुख्यतः कार्यालयांतले होत.

सॉफ्टवेअर : एमएस-डॉस ६ बरोबरचा बॅकअप प्रोग्राम टेपला ओळखत नसे, त्यामुळे ड्राइव्हबरोबर आलेल्या प्रोग्रामवरच भिस्त असे. विंडोज ९५ मधील बॅकअपला फ्लॉपी कंट्रोलरवरचे क्यूआयसी ड्राइव्ह चालत, स्कझी या वेगळ्या जोडणीवरचे ड्राइव्ह चालत नसत. विंडोज एनटीचा एनटीबॅकअप हा प्रोग्राम स्वतःच्या वेगळ्या आराखड्यात लिही. लिनक्सवर एफटेप हा ड्रायव्हर आणि युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून (१९७९) चालत आलेला, अनेक फाइली एकत्र बांधणारा टार हा प्रोग्राम यांची जोडी होती. टार या नावातच टेप आहे.

कोणती फाइल बदलली हे प्रोग्राम बहुधा फाइलीच्या आर्काइव्ह खुणेवरून ओळखत. पूर्ण बॅकअपनंतर ती खूण पुसली जाई आणि फाइल बदलताच पुन्हा उमटे. वाढीव बॅकअप ती खूण पाहून तेवढ्याच फाइली घेई. लिहून झाल्यावर फीत आरंभापासून वाचून डिस्कशी ताडून पाहण्याची सोयही असे. वेळ दुप्पट लागतो म्हणून ती टाळली जाई, आणि फीत वाचता येत नाही हे डिस्क गेल्यावरच कळे. दुसरी अडचण अशी की फीत वाचणारा प्रोग्राम त्या गेलेल्या डिस्कवरच असायचा. ड्रायव्हर आणि प्रोग्राम असलेली बूट फ्लॉपी कार्ट्रिजच्याच डबीत ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय होता.

जुन्या फितींचे वाचन : आज अशी फीत हाती आली तर ती लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये. वर्षांनुवर्षे ताणलेला पट्टा बहुधा सैल पडलेला किंवा फितीला चिकटलेला असतो, आणि पहिल्याच फेरीत तुटतो. ड्राइव्हमधील रबरी चाकही कालांतराने वितळून चिकट होते, त्यामुळे आधी ते तपासावे लागते. दुसऱ्या कार्ट्रिजचा सुस्थितीतील पट्टा बसवून फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणतात, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. नंतर एकेक फाइल न काढता अख्ख्या फितीची कच्ची प्रत एका फाइलीत घेतात आणि आराखडा उलगडण्याचे काम त्या प्रतीवर करतात. कंपनीगणिक डेटा दाबण्याची रीत वेगळी असल्याने या टप्प्याला अनेकदा मूळ प्रोग्रामच शोधावा लागतो. फितीला मात्र दुसऱ्यांदा हात लावावा लागत नाही.