चेहऱ्याला काय लावायचं, हे कोणाला विचारावं?

त्वचेची प्रसाधनं आणि मेकअप घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चेहऱ्याला लावायच्या वस्तूंबद्दल सल्ला देणारे मुंबईत पावलोपावली भेटतात. पार्लरमधली ताई, गल्लीतला केमिस्ट, लोकलच्या लेडीज डब्यात काजळ-टिकल्या विकणारी बाई, रील करणारी मुलगी आणि काउंटरमागे उभे असलेले आम्ही. यातल्या प्रत्येकाला थोडंफार कळतं आणि बहुतेकांचं तुमच्या खरेदीत काहीतरी अडकलेलंही असतं. म्हणून सल्ला मनावर घेण्याआधी दोन गोष्टी बघा. सांगणाऱ्याने आधी तुम्हाला काही विचारलं का? आणि तुम्ही ती वस्तू घेतलीत तर त्याला काय मिळणार आहे?

आधी आम्हा दुकानदारांबद्दल

मोठ्या दुकानात एखाद्या कंपनीच्या स्टँडजवळ गणवेशात उभी असलेली ब्यूटी अॅडव्हायजर बहुतेक वेळा त्या कंपनीकडून पगार घेते आणि तिला महिन्याचं टार्गेट असतं. आपल्या कंपनीच्या शेड तिला पाठ असतात, शेड जुळवण्यात तिचा हात बसलेला असतो, तेवढं तिला जरूर विचारा. शेजारच्या स्टँडवरची ट्यूब तुम्हाला जास्त बरी पडेल, हे मात्र ती सांगणार नाही. छोट्या दुकानात टार्गेट नसलं तरी स्कीम असते: अमुक नग उचलले की अमुक फुकट. स्कीमचा माल पुढे सरकवायचा मोह कोणत्याही दुकानदाराला होतो. तेव्हा सरळ विचारा, "यावर स्कीम आहे का?" हा प्रश्न आम्हालाही विचारा, राग येणार नाही.

काउंटरवरच्या माणसाला काम येतं की नाही, हे त्याच्या प्रश्नांवरून कळतं. दुपारपर्यंत नाकावर तेल येतं का, तोंड धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटतात का, सध्या काय काय लावता, कोणती गोळी किंवा मलम चालू आहे का, गरोदर आहात का. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेली प्रसाधनं गरोदरपणात टाळायची असतात; हे न विचारता कोणी रेटिनॉलचं सीरम हातात ठेवलं, तर पुढचं ऐकण्यात वेळ घालवू नका.

आठ दिवसांत गोरं करणारी ट्यूब

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सल्ला बहुतेकदा घरच्याच माणसाचा असतो: बहिणीने लावली, तिला फरक पडला, म्हणून आपणही.

केमिस्टकडच्या काही ट्यूबांमध्ये तीन औषधं एकत्र असतात: मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन हे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ ते मोजक्या आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून देतात. रोजची फेअरनेस क्रीम म्हणून ते बनलेलंच नाही. स्टिरॉइडने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि लाली दबते, त्यामुळे पहिल्या आठ-दहा दिवसांत चेहरा खरोखर उजळ दिसतो. मग महिनोन्महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात, कधी गालावर लव वाढते. ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत आग, लाली आणि पुटकुळ्या. बाईला वाटतं ट्यूबशिवाय आपलं चालत नाही, ती पुन्हा लावते, आणि चक्र चालू राहतं.

ओळखायचं कसं? ट्यूबवरची औषधांची नावं वाचा. नावाच्या शेवटी "सोन", "लोन" किंवा "सोल" आलं, उदाहरणार्थ बेटामेथासोन, क्लोबेटासोल, तर थांबा आणि विचारा. (बुरशीवरच्या काही औषधांची नावं मिळत्याजुळत्या "झोल"ने संपतात, उदा. क्लोट्रिमाझोल. ते स्टिरॉइड नव्हे. पण बुरशीच्या मलमात दोन्ही एकत्र घातलेली असू शकतात, म्हणून यादी पूर्ण वाचा.) चेहऱ्याला लावल्या जाणाऱ्या या नेहमीच्या स्टिरॉइड मलमांना २०१८ पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठीशिवाय मिळाली, याचा अर्थ ती निर्धोक आहे असा नाही. वर्ष-वर्ष लावत असाल तर आमचं हे पत्रक वाचून एका दिवसात बंदही करू नका. कमी कसं करायचं ते त्वचारोगतज्ज्ञांना ठरवू द्या.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो, म्हणून गोरं करायच्या बेकायदा क्रीममध्ये तो घातला जातो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळात आणि आपल्या अकोल्यातही अशा क्रीमनंतर मूत्रपिंडाचे आजार झाल्याची प्रकरणं पुढे आली आहेत. भारतीय नियमांप्रमाणे प्रसाधनात मुद्दाम पारा घालता येत नाही. नकळत आलेला अंश डोळ्यांभोवतीच्या वस्तूंत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) आणि इतर वस्तूंत १ पीपीएमच्या वर चालत नाही. लेबलवर कोणी "पारा" लिहीत नाही. डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, फक्त परदेशी लिपी आणि गोऱ्या बाईचा फोटो, असं असेल तर कितीही जवळच्या माणसाने दिली तरी लावू नका. अशी क्रीम लावणाऱ्या व्यक्तीचे पाय किंवा डोळ्यांखालचा भाग सुजला, लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्या.

खोकं वाचायची सवय

सगळ्यात प्रामाणिक सल्लागार खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असतो. प्रसाधनांचे नियम २०२० प्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी असावी लागते. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागतो, शिवाय रुपयांतली एमआरपी. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत किंवा ऑनलाइन एखादी कोरियन वस्तू निम्म्या भावात दिसली, तर आधी हे स्टिकर शोधा. नसेल तर ती खरी असली तरी कोणत्या वाटेने आली, उन्हात किती दिवस पडली, हे सांगणारं कोणी नाही. खोक्यावरचा आणि आतल्या ट्यूबवरचा बॅच नंबर जुळतो का हेही बघा. नकली मालात इथे गफलत सापडते.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्क्याखालच्या घटकांचा क्रम मात्र कसाही लावता येतो. आता फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे टिकवण्यासाठी घातलेलं द्रव्य असतं आणि त्याची मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतर लिहिलेलं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पुढे मोठ्ठं केशर छापलंय आणि मागे केशराचं नाव फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर, तर केशराचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे ते तुम्ही ठरवा. काही घटक मात्र थोड्याच प्रमाणात काम करतात. सॅलिसिलिक अॅसिड ०.५ ते २ टक्के पुरतं, रेटिनॉल तर त्याहून कमी. नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचा प्रकार) २ ते ५ टक्क्यांत काम करतं. १० टक्क्यांची बाटली दुप्पट गुण देत नाही, काहींना चुरचुर मात्र नक्की देते.

उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात "१२ एम" म्हणजे उघडल्यावर बारा महिने. मस्कारा आणि लिक्विड आयलायनर तीन ते सहा महिन्यांत टाका. व्हिटॅमिन सीचं पारदर्शक सीरम गडद पिवळं-तपकिरी झालं की त्याचा जोर गेला. आपल्या दमट हवेत आणि खिडकीजवळच्या कपाटात हे लवकर होतं.

"हायपोअॅलर्जेनिक", "डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड", "नॅचरल" या शब्दांवर आम्ही फार भिस्त ठेवत नाही. किती लोकांवर, किती दिवस तपासलं हे खोक्यावर नसतंच. "प्राण्यांवर चाचणी नाही" हे तर भारतात २०१४ पासून सगळ्यांनाच बंधनकारक आहे, त्यासाठी वेगळं कौतुक नको.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर विकल्या जाणाऱ्या घरगुती क्रीमबद्दल: विक्रीसाठी प्रसाधन बनवायला परवाना लागतो, मग ते स्वयंपाकघरात बनलेलं का असेना. "प्रिझर्वेटिव्ह अजिबात नाही" हे तिथे गुण म्हणून सांगतात. पाणी किंवा कोरफडीचा गर असलेल्या वस्तूला मुंबईच्या पावसाळ्यात प्रिझर्वेटिव्हशिवाय बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि ती डोळ्यांना दिसेलच असं नाही.

रील बघून घेताना

जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले. पैसे, भेटवस्तू किंवा सवलत मिळाली असेल तर ती जाहिरात आहे हे ठळक सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सामील होणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "कोलॅब", "पेड पार्टनरशिप" किंवा स्वतःचा डिस्काउंट कोड दिसला, तर तो सल्ला जाहिरात म्हणूनच ऐका. दुसरं म्हणजे हवामान. थंड, कोरड्या हवेत राहणारी मुलगी सात थर लावते; तेच थर ऑक्टोबरच्या उकाड्यात विरार लोकलमध्ये लावून बघा, कपाळावर घामोळं आणि बंद रंध्रांची पुरळ हमखास. मुंबईत तेलकट त्वचेला फेसवॉश, हलकं जेल मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढं बहुतेक वेळा पुरतं.

सनस्क्रीन आणि दोन बोटं

एसपीएफची (सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं त्या आकड्याची) चाचणी चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन करतात. घरी लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग "हे काही चालत नाही" म्हणून महागडी ट्यूब घेतात. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची एकेक रेघ काढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या आत संपते. सहा महिने पुरली असेल तर दोष ट्यूबचा नाही. म्हणून परवडेल ती घ्या: एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं, ५० साधारण ९८. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) सनस्क्रीन जास्त कामाचं, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. घाम पुसला की पुन्हा लावा.

शेड, टेस्टर आणि टिकली

फाउंडेशन मनगटावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला तीन शेडच्या उभ्या रेघा ओढा आणि दुकानाच्या दाराशी, उजेडात या. आतल्या पिवळ्या दिव्यात एक शेड फिकट चेहराही छान दिसतो. मग वीस मिनिटं थांबा, चहा घेऊन या. बरीच फाउंडेशन तेलाशी मिसळून थोडी गडद होतात. टेस्टरची लिपस्टिक ओठांना लावू नका, बोटाच्या टोकावर बघा. मस्काराचा टेस्टर डोळ्यांना लावूच नका, कोणी आग्रह केला तरी.

कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग दिसू लागला तर ते "कोड उठलं" म्हणून घाबरण्याआधी टिकली बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉलमुळे असा डाग पडतो. लवकर लक्षात आलं तर रंग परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

नवी वस्तू घरी नेल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. फेसवॉशसारखी धुवायची वस्तू असेल तर नेहमीसारखी लावून धुवा. एका वेळी एकच नवी वस्तू. दोन एकदम सुरू केल्या आणि पुरळ आली तर कशाने आली हे कोणालाच सांगता येत नाही. केसांच्या रंगाची चाचणी दर वेळी, ४८ तास आधी, कानामागे.

डॉक्टरांकडे कधी

मुरुमं खड्डे पाडत असतील, वांग वाढत असेल, किंवा वस्तू बंद करूनही आठवड्यात खाज थांबत नसेल, तर आमच्याकडे येऊन पैसे घालवू नका. एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी त्वचारोगाची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" ही पाटी कोणीही लावतं. केईएम, सायन, नायर आणि जेजे या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना लावत असलेल्या सगळ्या वस्तू एका पिशवीत घालून न्या.

त्रास झाला तर

वस्तू ताबडतोब बंद करा, पण फेकू नका. उरलेली ट्यूब, खोकं आणि बिल एकत्र ठेवा, त्वचेचा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. नकली किंवा लेबल नसलेल्या मालाची तक्रार महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या क्रमांकावर होते, पैशांची फसवणूक असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. बिल नसलं की पुढे सगळं अडतं, त्यामुळे पन्नास रुपयांच्या काजळाचंही बिल मागा. आमच्याकडेही.